पालखी कुणाची, खांदे कुणाचे : ‘जिंगी नाकी ताताकाई’ या यकुझापटाचं प्रकरण

जपानी घरातली बैठकीची खोली. टोळीची पोरं गुडघे मोडून बसलेली. समोर त्यांचा म्होरक्या योशिओ यामामोरी, आणि तो रडतोय. दोई नावाच्या प्रतिस्पर्धी दादाला संपवल्याशिवाय आता निभाव लागणार नाही, हे सगळ्यांना कळून चुकलंय. प्रश्न एवढाच, की जायचं कुणी. जो जाईल तो एकतर तिथेच मरेल, नाहीतर ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात काढेल. कुणी मान खाली घालतं. माकिहारा नावाचा एकजण तर हुंदकेच द्यायला लागतो: बायको पोटुशी आहे, माझ्यामागे तिचं कसं होणार. शेवटी शोझो हिरोनो म्हणतो, मी जातो. यामामोरी आणि त्याची बायको गहिवरतात. तू सुटून आलास की माझं जे काही आहे ते सगळं तुझंच, असा शब्द यामामोरी देतो.

हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, काय बेमालूम नाटक करतोय हा माणूस! पुढे दोनतीनदा पाहिल्यावर मत बदललं. यामामोरी नाटक करत नाही. त्या क्षणी त्याला खरोखर भरून आलेलं असतं. दिलेला शब्द तो मोडणार असतो हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी, कसलीही ओढाताण न होता नांदू शकतात. निष्ठेबद्दलचा इतका अस्वस्थ करणारा विचार मी दुसऱ्या कुठल्या गुन्हेगारीपटात पाहिलेला नाही. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून मांडायचं आहे: तोएई या जपानी चित्रपट कंपनीचा हा यकुझापट, म्हणजे जपानी गुंडटोळ्यांवरचा चित्रपट, कुठल्या अडचणीतून आला, हातघाईने कसा बनला आणि ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ या कल्पनेची त्याने काय चिकित्सा केली.

नावापासूनच सुरुवात करू. ‘जिंगी’ या शब्दात ‘जिन’ म्हणजे माणुसकी आणि ‘गी’ म्हणजे कर्तव्य, धर्म. कन्फ्यूशियसच्या विचारातली ही जोडी पुढे जपानी टोळ्यांनी आपल्या सचोटीचं नाव म्हणून उचलली. ‘जिंगी नाकी ताताकाई’ म्हणजे जिंगी नसलेली लढाई. १३ जानेवारी १९७३ ला तो जपानमध्ये लागला. दिग्दर्शक किंजी फुकासाकु, पटकथा काझुओ कासाहारा, हिरोनोच्या भूमिकेत बुंता सुगावारा आणि यामामोरीच्या भूमिकेत नोबुओ कानेको.

कंपनीची अडचण

१९५८ साली जपानी चित्रपटगृहांत ११२ कोटींहून जास्त तिकिटं खपली होती. घरोघरी टीव्ही आला आणि १९७२ पर्यंत हा आकडा २० कोटींच्याही खाली उतरला. १९७१ मध्ये दाईएई ही जुनी कंपनी बुडाली, निक्कात्सु कामुकपटांकडे वळली. तोएई तगून होती ती यकुझापटांवर. या यकुझापटांना ‘निन्क्यो’ म्हणत. त्यांचा साचा ठरलेला. काळ बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीचा, नायक किमोनोतला, अबोल, सोशिक. दुष्ट टोळी अन्याय करत राहते, नायक मालकाच्या शब्दाखातर गिळत राहतो आणि शेवटी तलवार घेऊन एकटा चालून जातो. १९६३ पासून दहाएक वर्षं लोकांनी हे डोक्यावर घेतलं. या चित्रपटांतली सगळ्यांत लाडकी नायिका जुंको फुजी १९७२ मध्ये लग्न करून निवृत्त झाली आणि साच्यातला उरलासुरला जीवही गेला.

निन्क्योपटांना हिणवण्याचा माझा हेतू नाही. त्यांत एक खरी वेदना होती. दिवसभर कारखान्यात साहेबापुढे वाकून आलेला माणूस रात्री थिएटरात बसून त्या नायकाबरोबर गिळायचा आणि शेवटी त्याच्याबरोबर उठायचा. पण त्या चित्रपटांनी एक गोष्ट कधीच तपासली नाही. मालक वाईट निघाला तर तो नेहमी समोरच्या टोळीचा. आपला मालक भला, फार तर म्हातारा, आजारी किंवा मेलेला.

तो प्रश्न बाहेरून आला, आणि तोही तुरुंगातून. कोझो मिनो हा हिरोशिमाजवळच्या कुरे शहरातला यकुझा. युद्धानंतर तिथे पेटलेल्या टोळीयुद्धात तो पुरता गुंतलेला. अबाशिरीच्या तुरुंगात असताना त्या युद्धावर छापून आलेला एक लेख त्याच्या वाचनात आला. त्याला तो एकतर्फी वाटला, आणि गडी आपली बाजू लिहायला बसला. १९७० मध्ये तो सुटला आणि त्याने हा धंदा सोडला. त्याच्या हस्तलिखितावरून पत्रकार कोइची ईबोशी यांनी १९७२ मध्ये एका साप्ताहिकात लेखमाला सुरू केली. तोएईचा निर्माता गोरो कुसाकाबे याने ती हेरली आणि पटकथेसाठी कासाहाराला गाठलं.

कासाहारा म्हणजे निन्क्योपटांचाच कसलेला लेखक. मिनोला भेटायला तो कुरेला गेला. मिनो चित्रपटाला आधी तयार नव्हता. पण दोघंही युद्धकाळात नौदलात होते, हे बोलता बोलता निघालं आणि गाठ सैल झाली. तिथून कासाहाराने जे गोळा करून आणलं त्यात कुणीच भला मालक नव्हता. बोलीही कुरेचीच राहिली. हिरोशिमाकडची ती राकट भाषा त्याने पात्रांच्या तोंडी जशीच्या तशी ठेवली. ती भाषा भरजरी शपथा घेतच नाही. तिच्यात माणसं हिशेब मागतात, कुरकुरतात, टोमणे मारतात.

कुरे, १९४६

चित्रपट उघडतो तो अणुस्फोटाच्या ढगाच्या छायाचित्रावर, आणि मग थेट कुरेच्या काळ्या बाजारात घुसतो. कुरे हे शाही नौदलाचं मोठं बंदर. ‘यामातो’ ही महाकाय युद्धनौका इथल्याच गोदीत बांधली गेली. पराभवानंतर गोदी ओस पडली आणि रणांगणावरून परतलेल्या तरुणांना काम उरलं नाही. इथे एक गोष्ट मराठी वाचकाला सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४६ च्या सुरुवातीला राष्ट्रकुल देशांचं ताबा-सैन्य याच बंदरात उतरलं. त्यातल्या ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. चित्रपटात दिसतात ते अमेरिकी सैनिक. पण ते भणंग बाजार आणि ती उपाशी पोरं आपल्याकडच्या जवानांनीही त्याच वर्षी डोळ्यांनी पाहिली असणार.

अशा जागी टोळी म्हणजे आधी पोटाची सोय, मान-मर्यादा मागाहून. हिरोनो युद्धावरून परतलेला. मित्रांपायी एका गुंडाला गोळी घालतो आणि तुरुंगात जातो. तिथे दोईच्याच टोळीतला वाकासुगी भेटतो. दोघं एकमेकांचं रक्त चाखून भाऊ होतात. यामामोरी हिरोनोला जामिनावर सोडवतो, साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, पेला देऊन आपला करतो. यकुझांच्या भाषेत म्होरक्या ‘ओयाबुन’ आणि हाताखालचा ‘कोबुन’. ‘ओया’ म्हणजे आईबाप, ‘को’ म्हणजे लेकरू. आपल्याकडे ‘मायबाप’ म्हणतात तेच. या एका शब्दामुळे पुढची सगळी देणीघेणी कुटुंबाच्या हिशेबात जातात, आणि घरात कुणी पावत्या फाडत नाही.

बोटाचा प्रसंग याच सुमाराचा. जुगाराच्या अड्ड्यावर हिरोनो नको त्या माणसाशी भांडतो. आता माफी मागायची तर करंगळीचं पेर कापून द्यायला हवं. निन्क्योपटात या विधीला केवढं गांभीर्य असायचं! इथे रीत कशी असते हेच धड कुणाला ठाऊक नाही. यामामोरीची बायको सांगते, मी ओसाकाला पाहिलं होतं. हिरोनो दात आवळून पेर उडवतो, आणि ते खरंच उडतं. पेर सापडेना म्हणून सगळी टोळी अंगणात ओणवी होऊन शोधायला लागते. शेवटी ते मिळतं कोंबड्यांच्या खुराड्यात. प्रेक्षक हसतात, आणि हसू ओसरेपर्यंत त्यांना दिसलेलं असतं की हे सगळे एखाद्या जुन्या परंपरेची लेकरं नव्हेत. भुकेपायी एकत्र आलेली माणसं आहेत ही, आणि विधी त्यांनी मागाहून उसना आणलाय. वेदना मात्र उसनी नाही. बोट हिरोनोचंच गेलं.

निष्ठेचा ताळेबंद

आता पुन्हा त्या रडण्याकडे. हिरोनो दोईला मारतो आणि पकडला जातो. वाकासुगी, त्याचा रक्ताचा भाऊ, पोलिसांशी झालेल्या झटापटीत मरतो. त्याच्या लपण्याच्या जागेची खबर आपल्याच गोटातून फुटली, असा दाट वास चित्रपट सोडून देतो. हिरोनो आत असताना १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटतं. अमेरिकी सैन्याचा दारूगोळा जहाजांवर चढवायच्या कामात यामामोरीची टोळी गबर होते. पैसा आला आणि वाटणीवरून आतच ठिणगी पडली.

हिरोपोन नावाचं उत्तेजक औषध तेव्हा जपानभर बोकाळलं होतं. टोळीतला सर्वांत कर्तबगार गडी साकाई (हिरोकी मात्सुकाता) आपल्या माणसांना त्याच्या धंद्याची बंदी करतो. टोळीतल्याच शिंकाईचा गट जुमानत नाही. माल जप्त होतो. आणि कळतं की जप्त केलेला माल यामामोरीनेच मागच्या दाराने विकला. मग साकाई आणि शिंकाई यांच्यात जुंपते आणि एकाच पेल्याचं साके प्यायलेली पोरं एकमेकांना भोसकतात.

बहुतेक लोक या चित्रपटाला ‘विश्वासघाताची गोष्ट’ म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. विश्वासघात म्हटलं की आधी विश्वास दोन्ही बाजूंनी होता असं गृहीत धरावं लागतं. इथे तो पहिल्यापासून एकाच दिशेने, खालून वर वाहतो. यामामोरी कुणाला फसवायला खास बेत आखत नाही. तो फक्त दर वेळी स्वतःला वाचवतो, आणि त्याला वाचवण्याची किंमत दर वेळी खालचा कुणीतरी मोजतो. वैर तळाशी वाटलं जातं आणि नफा माथ्यावर साठतो. साकाई आणि शिंकाई यांचं तसं एकमेकांशी काही वाकडं नव्हतं. दोघांच्या मध्ये जी पोकळी होती ती मालकाने जाणूनबुजून मोकळी ठेवली होती.

हे साकाईला सर्वांत आधी उमगतं. तो यामामोरीला तोंडावर सुनावतो की तू म्हणजे आम्ही खांद्यावर घेतलेली मिकोशी आहेस, टोळी इथवर आली ती कुणाच्या रक्तावर? मिकोशीला आपली आपण चालता येत असेल तर चालून दाखव. मिकोशी म्हणजे जपानी उत्सवातली देवाची पालखी, गावकरी खांद्यावर वाहतात ती. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खांद्याला घट्टे पडतात भोयांच्या, पालखीच्या नाही.

पण हे कळल्यावर साकाई काय करतो? पालखी खाली ठेवत नाही. स्वतःच तिच्यात चढू बघतो. यामामोरीला बाजूला सारून टोळी ताब्यात घेतो आणि हळूहळू तसाच संशयी, तसाच एकटा होत जातो. हिरोनो जपान आणि दोस्त राष्ट्रांच्या शांतता कराराच्या माफीत लवकर सुटून येतो तेव्हा यामामोरी पुन्हा तोच रडवेला चेहरा घेऊन हजर: आता साकाईला संपव. एकदा दिलेला ‘सगळं तुझंच’ हा शब्द कुठे गेला, याचं उत्तर नाहीच. हिरोनो मालकाशी नातं तोडतो, पण साकाईच्याही बाजूला जात नाही.

या दोघांची मोटारीतली शेवटची भेट मला सबंध चित्रपटात सर्वांत जिव्हारी लागते. साकाई सांगतो, रात्री पीत बसलो की या सगळ्याचा वीट येतो, सोडून द्यावंसं वाटतं. सकाळी उठून पोरांच्या गराड्यात बसलो की रात्रीचं काही आठवत नाही. बास, इतकंच. ज्याच्या हाताखाली चार माणसं आहेत अशा कुणालाही हे ओळखीचं वाटेल. खालून येणारी निष्ठा वरच्यालाही बांधून घालते. त्यानंतर काही वेळातच साकाई खेळण्यांच्या दुकानात आपल्या लेकरासाठी काहीतरी घेत असताना गोळ्या खाऊन पडतो.

स्वस्तात आणि घाईत

तोएईच्या दृष्टीने हा काही मानाचा महाखर्चिक चित्रपट नव्हता. तिच्या चित्रपटगृहांत एका तिकिटात दोन चित्रपट लागत आणि थोड्या दिवसांनी जोडी बदलत असे. त्या रहाटगाडग्यातली ही एक घागर. पहिला भाग चालला तसे जून १९७४ पर्यंत, म्हणजे दीड वर्षाच्या आत, आणखी चार भाग आले. एकूण पाचांतले पहिले चार कासाहाराने लिहिले, पाचवा कोजी ताकादाने. सगळे फुकासाकुचे.

या घाईला साजेशी रीत फुकासाकुने शोधली. १९४५ मध्ये तो पंधरा वर्षांचा होता, दारूगोळ्याच्या कारखान्यात जुंपलेला. समुद्रातून तोफांचा मारा झाला तेव्हा सोबती मेले, आणि त्यांची प्रेतं उचलायचं काम वाचलेल्या पोरांवर आलं. मोठ्यांच्या शब्दावर त्याचा विश्वास तिथेच संपला असं तो पुढे सांगत असे. अशा माणसाला नक्षीदार चौकट काय कामाची! त्याचा कॅमेरा खांद्यावरून हलतो, तिरपा होतो, धक्के खातो, पळणाऱ्यासोबत पळतो. मारामारीत कोण कुणाला मारतंय ते धड दिसत नाही. कारण मारणाऱ्यालाही ते धड दिसत नसतं. या टोळीतली माणसं खून करताना थरथरतात, घाबरून डोळे मिटून गोळ्या झाडतात. तलवारीचा एक डौलदार वार सबंध चित्रपटात शोधून सापडणार नाही.

आणि एखादा मेला की चित्र थिजतं. तोशिआकी त्सुशिमाच्या संगीतातले ते कर्कश कर्णे वाजतात. पडद्यावर मृताचं नाव आणि तारीख उमटते, बातमीत छापतात तशी. मुद्दा असा की हे फक्त मोठ्या पात्रांसाठी नाही. ज्याचं नाव आपण नीट ऐकलंही नव्हतं अशा पोरासाठीही चित्रपट थांबतो. मालकाने त्याला मोजलं नाही, पण चित्रपटाने मोजलं.

हीच गोष्ट पडद्यामागेही घडली, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा फार महत्त्वाचा भाग आहे. तोएईच्या क्योतो स्टुडिओत किरकोळ कामं करणाऱ्या नटांची वेगळी जात होती. तारे वेगळ्या खोलीत, हे सगळे एका मोठ्या खोलीत. वर्षानुवर्षं नायकाच्या तलवारीखाली मरायचं, एवढंच त्यांचं काम. फुकासाकुने त्यांना चौकटीच्या कडेला उभं केलं तरी काहीतरी करायला दिलं. ताकुझो कावातानी हा त्यांतलाच. दुसऱ्या भागात त्याच्या पात्राला दोरीने बांधून मोटरबोटीमागे समुद्रातून ओढतात आणि मग झाडाला टांगून त्याच्यावर नेम धरतात. ते हाल पाहिलेला माणूस कावातानीचा चेहरा विसरत नाही. १९७५ मध्ये या नटांनी ‘पिरान्हा’ नावाचा आपला गट केला, आणि कावातानी जपानभर ओळखला जाऊ लागला. निष्ठा वर वाहते आणि मोबदला खाली येत नाही असं सांगणाऱ्या चित्रपटाने आपल्या भोयांना निदान चेहरे दिले.

‘किनेमा जुंपो’ या जुन्या नियतकालिकाच्या १९७३ च्या यादीत समीक्षकांनी या चित्रपटाला दुसरा क्रमांक दिला. निन्क्योपटांचे दिवस संपले, आणि खऱ्या घटनांवरच्या यकुझापटांची लाट आली. त्यांतल्या पुष्कळांनी हलता कॅमेरा उचलला, मथळे उचलले, रक्त उचललं. यामामोरीसारखा रडणारा मालक मात्र फारसा कुणाला जमला नाही. नोबुओ कानेकोने त्याला खलनायक केलंच नव्हतं. तो चिडतो, गयावया करतो, बायकोकडे बघून धीर गोळा करतो. अशा माणसाला नाही म्हणणं राक्षसाला नाही म्हणण्यापेक्षा अवघड जातं, आणि हिरोनोला ते इतकी वर्षं का जमलं नाही हे त्यामुळेच पटतं.

शेवट साकाईच्या अंत्यविधीत. मोठं देऊळ, फुलांची आरास, देणाऱ्यांच्या नावांच्या पाट्या आणि काळ्या कपड्यांतली प्रतिष्ठित मंडळी. ज्यांनी त्याला मारलं तेच यजमान. हिरोनो रोजच्या कपड्यांत आत येतो. साकाईच्या तसबिरीपुढे उभा राहून त्याला विचारतो, हे सगळं पाहून तुझं समाधान झालं का रे? नसणारच, माझंही नाही. आणि पिस्तूल काढून आरास फोडतो. पाट्या, फुलं, पूजेची भांडी. माणसावर एकही गोळी नाही. यामामोरी ओरडतो, हिरोनो, काय करतोयस कळतंय का तुला? जाता जाता हिरोनो मागे वळून सांगतो की गोळ्या अजून शिल्लक आहेत, आणि निघून जातो.

त्या उरलेल्या गोळ्यांची वाट प्रेक्षक पुढचे चार भाग बघत राहतो. शिल्लक गोळी यामामोरीला कधीच लागत नाही. पाचवा भाग संपतो तेव्हा तो म्हातारा झालेला असतो, जिवंत असतो.